आंबट मोजणाऱ्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडमना घेऊन गुपचुपच्या गाडीवर जायचं नाही, असा नियम मी पुढे पुढे स्वतःला घालून घेतला होता. बाकीचे मराठी लोक जिला पाणीपुरी म्हणतात तिला आम्ही भिलाईकर गुपचुप म्हणतो, आणि नावाप्रमाणे ती गुपचूप खावी अशी माझी समजूत होती. मॅडमची नव्हती. नेहरू नगरला हायवेच्या कडेला गाडी लागायची. मॅडम द्रोण हातात घेत आणि म्हणत, "भैया, पहले सिर्फ पानी देना." मग पर्स उघडून एक जाडसर पेन काढत, त्याचं टोपण काढून टोक द्रोणातल्या पाण्यात बुडवत आणि पेनावरच्या छोट्या खिडकीतला आकडा स्थिर होईपर्यंत कुणाशी बोलत नसत. मागची रांग खोळंबलेली. गाडीवाला घाबरून विचारी, "मैडम, ये बुखार नापने का है क्या?"

"हां. आपके पानी को बुखार है," मॅडम शांतपणे सांगत, आणि मग माझ्याकडे वळून, "दोन पॉइंट नऊ. चिंच नावाले हाये वर्षा, बाकी सारी टाटरी." टाटरी म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं सत. एवढा निकाल दिल्यावर माणसानं निदान तिथून निघून जावं की नाही? बाई शांतपणे प्लेटभर गुपचुप खात आणि वर सुकी पुरी मागून घेत. मोजणं वेगळं आणि खाणं वेगळं, असं त्यांचं तत्त्व होतं.

ते पेन म्हणजे पीएच मीटर. एखाद्या पाण्यात आम्ल किती जोर करतंय ते सांगणारं यंत्र. सात आकडा आला तर पाणी सरळ, त्याच्या खाली जितकं जावं तितकं आंबट. मॅडमचं सगळं जग या सातच्या आसपास वर-खाली होत असे.

कुमुद मेश्राम हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर भंडाऱ्याकडचं, एम.एस्सी. नागपूरची, आणि लग्न होऊन भिलाईत आलेल्या. त्यांचे यजमान यादवराव मोठ्या पोलाद कारखान्यात होते, त्यामुळे घर सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये. मॅडम स्वतः मात्र औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी तार कारखान्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या, आणि मी त्यांच्या हाताखाली. मी दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली. घरातलं मराठी सोडलं तर सगळा व्यवहार हिंदीत. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरी मराठी बोलता ना व? मंग इथीही मराठीच बोल. हिंदी बोलाले सारी भिलाई पडली हाये."

आमच्या कारखान्यात तारेवरचा गंज काढायला तिला आम्लाच्या टाकीतून नेत, मग पाण्याच्या टाक्यांतून धूत आणि नंतर तिच्यावर जस्त चढवत. धुतलेल्या तारेवर आम्ल उरलं तर जस्त धरत नसे. त्यामुळे कुठल्या टाकीत किती आम्ल आहे हे सांगणं, एवढंच आमचं काम. आमच्या टेबलावरच्या मोठ्या मीटरला एक काचेची नळी होती आणि तिच्या टोकाला बोराएवढा पातळ काचेचा गोळा. सगळी अक्कल त्या गोळ्यात. मॅडम त्याला 'पोरगी' म्हणत. पोरगी नाजूक, पोरगीला सदा ओलं ठेवायचं, तेही साध्या पाण्यात नाही, खारट द्रावणात. बुडवण्याआधी धुवायचं. धुतल्यावर पुसायचं नाही, मऊ कागदानं नुसतं टिपायचं. आणि कुठलंही मोजमाप करण्याआधी, जिचा आकडा आपल्याला पक्का माहीत आहे अशा बाटलीत तिला बुडवून बघायचं. "जवळ स्टँडर्ड नसंन तर मोजू नोको," मॅडम म्हणत. "खरं काय ते माहीत नसलं, त मंग खोटं कसं पकडशीन?"

हे त्या फक्त यंत्राबद्दल म्हणत नसत. माझ्यासाठी सांगून आलेल्या पहिल्या स्थळाबद्दलही त्यांनी हेच विचारलं होतं.

त्यांना राग येत नसे असं नाही, पण तो कुठे यायचा ते सांगता येत नसे. साहूंचा किस्सा सांगते म्हणजे कळेल. साहू आमचे फिटर, बेमेतऱ्याकडचे, देवभोळे आणि दिलदार. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली की भिलाईत सगळी यंत्रं सुट्टीवर जातात. लेथपासून लिफ्टपर्यंत प्रत्येकाला टिळा, हार आणि एक दिवसाची विश्रांती. मॅडम बौद्ध. त्या पूजेला उभ्या राहत नसत, पण दुसऱ्याच्या पूजेत नाकही खुपसत नसत. "पूजा माह्यी नाही, पण बुंदी माह्यी हाये," असं म्हणून वाटीभर बुंदी हक्कानं घेत.

त्या वर्षी साहूंना वाटलं, टेबलावरच्या मीटरला कुणी विचारत नाही. त्यांनी प्रेमानं काचेचा गोळा द्रावणातून बाहेर काढला, नव्या कोऱ्या कापडानं खसाखसा पुसून लख्ख केला, त्यावर हळदीकुंकवाचा ओला टिळा लावला, झेंडूचा छोटा हार घातला आणि दिवसभर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी मीटर आम्लालाही सहा म्हणे, पाण्यालाही सहा म्हणे आणि स्टँडर्डच्या बाटलीलाही सहाच. आता साहूंची खैर नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

मॅडमनी हार काढून बाजूला ठेवला, साहूंना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "साहूजी, इनको माला नहीं चाहिए, पानी चाहिए. आपने दिनभर का निर्जला उपवास करवा दिया."

साहूंनी कान पकडले. तेवढ्यावर प्रकरण संपायचं, पण मॅडममधली मास्तरीण जागी झाली होती. त्यांनी टिळ्याची उरलेली हळद एका बशीत कालवली, तिच्यात धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब सोडला, आणि हळद लालभडक झाली. साहू खुर्चीवरून उठलेच. मॅडमनी लिंबू पिळलं, पुन्हा पिवळी. "हळदीच्या डागाले साबण लागला का तो लाल होते, हे साऱ्या बायाईले माहीत असते," त्या मला म्हणाल्या. "मीटर बिघडलं तरी आपण आंधळे नाही झालो. समोरच्या आंबटाले मारून टाकाले सोड्याचे किती थेंब लागले ते मोजायचे. लाल झालं का थांबायचं. पेन सांगते आंबट किती झोंबते, थेंब सांगतात आंबट किती भरलं हाये." त्या दिवशीची सगळी मोजमापं आम्ही अशीच थेंबाथेंबानं केली, अर्थात प्रयोगशाळेतल्या नीटस काचसामानानं. पुढच्या वर्षी साहूंनी टिळा मीटरच्या खोक्याला लावला आणि पोरगीसमोर खारट द्रावणाची भरलेली बाटली नैवेद्यासारखी ठेवली. मॅडम त्या दिवशी दोन वाट्या बुंदी घेऊन गेल्या.

मॅडमचं खरं राज्य मात्र स्वयंपाकघरात होतं. मॅडमच्या विदर्भात गोळ्याची कढी करतात, म्हणजे भिजवलेल्या चणाडाळीचे वाटून केलेले गोळे ताकाच्या कढीत सोडायचे. मॅडमची गोळ्याची कढी मी खाल्ली आहे आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या कढीला मी मनापासून 'छान' म्हटलेलं नाही, अगदी माझ्या सासूबाईंच्याही. त्या कढीतही पेन जायचंच. "चार पॉइंट चार," मॅडम सांगत. यादवराव माझ्याकडे बघून म्हणत, "आमच्या घरी पोराईले कमी अन् भाजीले जास्त नंबर भेटतात." ते गंमतच समजत, मीही गंमतच समजत होते. खरं तर मॅडमही तेव्हा गंमत म्हणूनच करत होत्या. चव त्यांच्या जिभेवर होती, आकडा फक्त हौसेला होता.

खुर्सीपारकडे एक लहानसा विहार आहे. बुद्धपौर्णिमेला तिथे सगळ्यांचं जेवण असतं. खीर एकीकडे, भात दुसरीकडे, गोळे वळायला दहा बायका, पण कढीच्या गंजाजवळ, म्हणजे मोठ्या पातेल्याजवळ, पळी घेऊन उभ्या राहणार त्या मेश्राम मॅडमच. हा मान त्यांना कुणी दिला होता आठवत नाही. बहुतेक त्यांनी घेतला होता आणि मग कुणाची परत मागायची हिंमत झाली नाही. विहारातल्या सगळ्यांत मोठ्या गजभिये आजी. त्यांच्या हातात पूर्वी ही पळी होती. त्या वर्षातून एकदा कढी चाखून मान हलवत, म्हणजे अजून एक वर्ष कुमुद कायम.

मॅडम निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर तापाची ती साथ आली जिनं सगळ्यांनाच घरात कोंडलं. मॅडमना आणि यादवरावांना दोघांनाही ताप येऊन गेला. बरे झाले. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर लिंबाची फोड तोंडात घातली आणि सालीपर्यंत चावली. डोळा लवला नाही की ओठ मुडपला नाही.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "पाणी चावल्यावानी लागते. वासही नाही. डॉक्टर म्हणते येईन हळूहळू."

चव हळूहळूही काही आली नाही. मॅडमसारखी बडबडी बाई ही एक गोष्ट कुणाला सांगेना. ठाऊक होतं ते फक्त यादवरावांना आणि मला. मी एकदा म्हटलं, "विहारात सांगून टाका ना मॅडम. त्यात लपवायसारखं काय आहे?"

"कावून सांगू?" त्या एकदम उसळल्या. "मंग म्हणतीन, बाई तू बस, आराम कर, आम्ही करतो. खुर्ची आणून देतीन मले. नोकरी गेली, पोरं पुण्याले गेली, आता पळीही गेली त मी तिथी काय पाहुणी म्हणून जाऊ?" मग आवाज खाली आणून, "बसवून ठेवलेलं माणूस लवकर म्हातारं होते व पोरी."

मला फार वाईट वाटलं. त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहत होते मी.

पण हात टेकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. इतकी वर्षं हौसेनं मोजलेले आकडे त्यांना तोंडपाठ होते. कढी चार पॉइंट चार, अंबाडीची भाजी तीन पॉइंट सहा, वरणात चिंच टाकली तर पाच. जीभ गेली, पेन राहिलं. त्या पेन बुडवून स्वयंपाक करू लागल्या आणि मिठाला चमच्याचं माप ठेवलं. यादवरावांना फरक कळेना, निदान ते तसं म्हणत. घरचं निभावलं. मग पौर्णिमा आली, साथीनंतरची पहिलीच मोठी पंगत.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. सकाळी घरी त्यांनी छोट्या पातेल्यात कढी केली, पेनानं मोजली, यादवरावांनी चाखून "हाव, हेच," म्हटलं, आणि मॅडमनी त्यातली थोडी स्टीलच्या डबीत भरून पर्समध्ये टाकली. स्टँडर्ड सोबत हवं ना. विहारात पोचलो. गोळे वळून तयार होते, ताक-बेसन गंजात उकळायला लागलं होतं, हळद पडली होती. मॅडमनी बायकांकडे पाठ करून वाटीत कढी घेतली आणि पेन बुडवलं. आकडा सरकत राहिला. पाच, पाच पॉइंट तीन, पुन्हा चार पॉइंट आठ. डबीतल्या कढीत बुडवलं, तिथेही तोच गोंधळ.

यादवराव मागेच उभे होते. ते खाकरले. "तू मोजल्यावर मी त्याले धुऊन चांगलं पुसलं सकाळी. अन् ओलं होतं म्हणून टोपण काढून उन्हात ठेवलं घंटाभर. म्हटलं कामाची चीज हाये, साफ असावी."

मे महिन्यातलं भिलाईचं ऊन. पेनाच्या टोकालाही तसाच काचेचा गोळा, म्हणजे पोरगीचा पुन्हा निर्जला उपवास. मॅडमनी नवऱ्याकडे असं पाहिलं की ते भात बघायला निघून गेले.

"मी चाखते ना मॅडम," मी हळूच म्हटलं.

"तू रेल्वे कॉलनीतली. तुमच्या घरी कढीत साखर पडते," असं म्हणून त्यांनी मला खोडून काढलं. मग क्षणभर गंजाकडे बघत राहिल्या. पिवळी धम्मक कढी उकळत होती. "वर्षा," त्या म्हणाल्या, "भांडे घासतात तिथून थोडा धुण्याचा सोडा आन. अन् एक वाटी पाणी."

मला कळलं. ड्रॉपर पर्समध्ये असायचाच. दोन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत डबीतली कढी एक चमचा, दुसरीत गंजातली एक चमचा, दोन्हीत हळद आधीपासूनच आहे. सोड्याच्या पाण्याचा एकेक थेंब टाकत गेल्या. गंजातली कढी आधी लाल झाली. म्हणजे आंबट कमी. "आंबट ताक आना अजून एक गुंडी भरून!" त्यांनी हुकूम सोडला, आणि आवाज अगदी जुन्या मॅडमचा होता. ताक पडलं, पुन्हा दोन वाट्या, पुन्हा थेंब. या वेळी दोन्ही वाट्या बरोबरीनं लाल झाल्या. मॅडमच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मला कारखान्यातल्या खिडकीजवळचं ते टेबलच दिसलं.

"काय व कुमुद, कढीत काय औषध टाकून राहिली?"

गजभिये आजी. काठी टेकत कधी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांच्या मागे गोळे वळणाऱ्या दोघी-तिघी. आजीच्या हाती लाल झालेली वाटी लागली होती आणि चेहऱ्यावर सरळ संशय होता.

"गंजात नाही आजी, वाटीतच," मॅडम म्हणाल्या. "नुसतं आंबट पायत होतो."

"आंबट पायाले जीभ नाही का?" आजींनी मॅडमच्या हातातली पळी ओढली, तळहातावर दोन थेंब घेऊन चाटले आणि डोळे मिटले. "आंबट बरोबर हाये," आजी म्हणाल्या. "एकदम बरोबर. पण मीठ कुठी हाये?"

मीठ टाकलंच नव्हतं. घरच्या पातेल्याला चमचा ठरलेला होता, पण मोठ्या गंजात मॅडम आयुष्यभर शेवटी चाखून मीठ घालत आल्या होत्या. या वेळी ते चाखणं आलंच नाही, आणि त्याच्याबरोबर येणारं मीठही आलं नाही.

विसरले, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माणूस विसरतो. मी तर ते वाक्य त्यांच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं होतं. पण मॅडमनी पदरानं कपाळ टिपलं आणि सरळ आजीकडे पाहिलं.

"आजी, मले चव नाही येत. त्या तापापासून. काहीच नाही येत."

आजींनी हातातली लाल वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता खुर्ची येणार.

"अन् इतके दिवस एकटीच घेऊन बसली होती?" आजी म्हणाल्या. "आम्ही काय मेलो होतो व?" त्यांनी मिठाचा डबा मागवला, मुठीनं मीठ गंजात सोडलं, ढवळायला लावलं, पुन्हा चाखलं, पुन्हा चिमूटभर सोडलं. मग पळी पदराला पुसून मॅडमच्या हातात परत दिली. "आंबट तू पाय. मीठ मी पायतो. चाल, गोळे सोड, लोकं बसले पंगतीले."

मॅडम रडल्या. मीही रडले. यादवराव परत आले होते, त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं. वातावरण हलकं करायला म्हणून ते म्हणाले, "पेनाले रोज मिठाचं पाणी, अन् कढीले नाही!" त्यांना पंगत संपेपर्यंत कुणी कढी वाढली नाही.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही भिलाई सोडली. जायच्या दिवशीच पौर्णिमा होती, आणि मी मॅडमसाठी एक भेट घेऊन विहारात गेले होते. तसंच पेन, पण पाण्यातलं मीठ मोजणारं. बुडवलं की आकडा. मला माझ्या कल्पनेचं फार कौतुक वाटत होतं. मॅडमनी ते उलटसुलट पाहिलं, स्टँडर्ड कुठलं वापरायचं ते विचारलं, खूश झाल्या, आणि टोपण लावून माझ्याच पर्समध्ये परत टाकलं.

"चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "पण हे घेतलं त आजीले काय काम राह्यलं?"

त्या वर्षी आजींना चालवत नव्हतं. विहाराच्या अंगणात कडुनिंबाखाली त्यांची खुर्ची ठेवली होती. कढी उकळली, पेन बुडालं, आकडा स्थिर झाला. मग मॅडम पळीभर कढी घेऊन अंगण ओलांडायला निघाल्या. एका हातात पळी, दुसरा हात खाली धरलेला, थेंब सांडू नये म्हणून, आणि चालता चालता फुंकर. पंगतीत बसलेले लोक माना वळवून बघत होते. मी अंगणाच्या दाराशीच रिक्षात बसत होते, आगगाडीची वेळ झाली होती.

आजींनी चाखलं, डोळे मिटले आणि मुद्दाम वेळ लावला, सगळं अंगण आपल्यासाठी थांबलंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मॅडम त्यांच्यापुढे वाकून उभ्या.

"अजून चिमूटभर," आजी म्हणाल्या.

"हाव," म्हणून मॅडम लगबगीनं गंजाकडे वळल्या.